लोकयंत्र आणि टायमिंग चेन

काल ही पृथ्वी किंवा जल यांच्यासारखी स्वतंत्र वस्तू आहे, की क्रियांच्या मागेपुढे होण्याला बुद्धीने दिलेले ते नुसते नाव आहे, हा भारतीय दर्शनांतील एक जुना आणि चिवट वाद आहे. वैशेषिकांनी कालाला नऊ द्रव्यांत स्थान दिले. योगसूत्रांवरील व्यासभाष्याने एकट्या क्षणाला खरे मानून तास, दिवस, वर्ष या सगळ्यांना बुद्धीची निर्मिती ठरवले. आणि ५व्या शतकातील वैयाकरण भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’च्या तिसऱ्या कांडातील कालसमुद्देश या प्रकरणात कालाला ब्रह्माची स्वातंत्र्यशक्ती म्हटले, म्हणजे इतर सर्व शक्तींना वाट करून देणारी आणि त्यांची वाट अडवणारी शक्ती. हे जग त्याच्या मते एक लोकयंत्र आहे आणि काल त्याचा सूत्रधार. यंत्राचा दाखला देताना भर्तृहरीला कमीपणा वाटला नाही, पाणी उपसणाऱ्या जलयंत्राच्या फिरण्याशी त्याने कालाच्या व्यापाराची तुलना केली आहे; तेव्हा हाच वाद आजच्या एखाद्या यंत्रावर घासून पाहिल्यास शास्त्राची पायरी उतरत नाही. मोटारीच्या इंजिनातील टायमिंग चेन या कामाला विशेष योग्य आहे, कारण इंजिनातील कोणती क्रिया केव्हा व्हावी एवढेच ठरवणे हे तिचे काम असून तिच्यापाशी कोणत्याही प्रकारचे घड्याळ नसते.

इंजिनाची रचना थोडक्यात अशी. सिलिंडरमध्ये वरखाली होणाऱ्या पिस्टनची गती क्रँकशाफ्ट हा खालचा दांडा गोल फिरण्यात बदलतो, आणि वरच्या बाजूला असलेला कॅमशाफ्ट हा दुसरा दांडा आपल्या अंगावरच्या उंचवट्यांनी व्हॉल्व्ह, म्हणजे हवा आत घेणाऱ्या व धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा, दाबून उघडतो. हवा घेणे, ती दाबणे, इंधन पेटून पिस्टन खाली ढकलला जाणे आणि धूर बाहेर जाणे या चार टप्प्यांत क्रँक दोनदा फिरतो, तर प्रत्येक झडप एकदाच उघडायची असते. म्हणून कॅमचा वेग क्रँकच्या निम्मा ठेवावा लागतो, आणि हे प्रमाण दोन दातेरी चाकांवरून, म्हणजे स्प्रॉकेटांवरून, जाणारी साखळी राखते. उदाहरण घ्यायचे तर भारतीय वाचकाच्या ओळखीचे १.३ लिटरचे मल्टिजेट डिझेल इंजिन घ्यावे. मूळ फियाटचे, १२४८ घन सेंटिमीटरचे, चार सिलिंडर आणि सोळा व्हॉल्व्हचे हे इंजिन २००७ पासून मारुतीच्या स्विफ्टमध्ये आणि २००८ पासून इंडिका व्हिस्टामध्ये आले, पुण्याजवळच्या रांजणगावच्या कारखान्यात ते तयारही झाले, आणि एप्रिल २०२० मध्ये भारत स्टेज सहाचे नियम लागू झाल्यावर मारुतीने ते सोडले तरी त्याच्यावर चालणाऱ्या गाड्या महाराष्ट्राच्या रस्त्यांवर अजून भरपूर आहेत. रबरी टायमिंग बेल्ट ठरावीक किलोमीटरनंतर बदलायचा असतो, तशी मुदत साखळीला सहसा दिलेली नसते. इंजिन आहे तोवर ती टिकेल असे गृहीत धरलेले असते, आणि ते गृहीत चुकते तेव्हाच तिच्याकडे लक्ष जाते.

या साखळीचे व्यवहार सेकंदांत मोजले जात नाहीत, अंशांत मोजले जातात. इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांनी मंद चालत असेल तर चार टप्प्यांचे पूर्ण चक्र ०.१५ सेकंदात होते, आणि ३००० फेऱ्यांना तेच चक्र ०.०४ सेकंदात उरकते. पण दोन्ही वेळा झडप उघडते ती क्रँकच्या त्याच अंशावर आणि मिटते तीही त्याच अंशावर. ७२० अंशांच्या या चक्रात आधी काय आणि नंतर काय हे पक्के असते, किती वेळ हे मात्र पूर्णपणे मोकळे असते. वैशेषिकसूत्रांनी कालाची जी लिंगे, म्हणजे तो ओळखण्याच्या खुणा, सांगितल्या आहेत त्यांत पर आणि अपर, एकाच वेळी होणे, उशिरा होणे व लवकर होणे यांचा समावेश होतो, आणि या सर्व प्रतीतींना आधार म्हणून एक, नित्य व सर्वव्यापी द्रव्य मानावे लागते असा वैशेषिकांचा युक्तिवाद आहे. टायमिंग चेन या लिंगांची सरळ दोन गटांत विभागणी करून दाखवते. आधी, नंतर आणि एकाच वेळी हा पहिला गट तिच्यात पूर्णपणे आहे, कारण धुराची झडप पुरती मिटण्याआधीच हवेची झडप किंचित उघडते आणि काही अंशांपुरत्या दोन्ही एकदम उघड्या असतात. उशिरा आणि लवकर हा दुसरा गट मात्र साखळीला ठाऊकच नाही, तो चालकाच्या पायाखालच्या पेडलवर अवलंबून आहे. वैशेषिकांनी एका द्रव्याच्या पोटी घातलेल्या या दोन गोष्टी निदान या यंत्रात तरी वेगवेगळ्या आहेत.

व्यासभाष्याचा पक्ष येथे जवळचा वाटू लागतो. परमाणू आपली जागा सोडून लगतच्या जागी जाण्यास जेवढा लागतो तेवढा क्षण, आणि क्षणांचा न तुटणारा प्रवाह म्हणजे क्रम, अशी व्याख्या करून भाष्यकार पुढे म्हणतात की दोन क्षण कधीच एकत्र नसतात, म्हणून त्यांची बेरीज करून झालेला मुहूर्त किंवा दिवस ही वस्तू नव्हे. युरोपात लाइबनित्सने १७१५–१६ मध्ये न्यूटनचे पाठीराखे सॅम्युएल क्लार्क यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात, न्यूटनच्या १६८७च्या ग्रंथातील एकसारख्या वाहणाऱ्या निरपेक्ष कालाविरुद्ध, काल म्हणजे एकामागून एक येणाऱ्या गोष्टींची व्यवस्था असे जे मांडले, त्याचा रोखही साधारण तिकडेच आहे. परंतु दोघांच्याही लिखाणात क्रम हा घडणाऱ्या घटनांचा असतो, आणि घटना थांबल्या की क्रमाबद्दल काही बोलण्यासारखे उरत नाही. साखळी बदलण्याचे काम नेमके याच ठिकाणी नवे काही दाखवते, कारण इंजिनातील सगळ्या क्रियांचा क्रम ज्या वेळी लावला जातो त्या वेळी इंजिनात एकही क्रिया चालू नसते.

ते काम घराच्या अंगणात किंवा पार्किंगमध्ये कसे चालते हे जरा जवळून पाहिले पाहिजे. बॅटरीची तार काढल्यावर आणि साखळीच्या बाजूचे इंजिन माउंटिंग सोडायचे असल्याने इंजिनाला खालून भक्कम आधार दिल्यावर, पट्टा, पुली, ऑइलची चेंबर आणि पुढचे कव्हर उतरवून साखळीपर्यंत पोचावे लागते. परंतु साखळीला हात लावण्याआधी क्रँक कारखान्याने ठरवलेल्या कोनावर आणून त्यात एक लॉकिंग पिन आणि कॅममध्ये दुसरी पिन घालायची असते. या पिना स्थिती राखण्यापुरत्या असतात, बोल्ट ढिला करताना त्यांच्यावरच जोर टाकला तर त्या वाकतात किंवा तुटतात, म्हणून स्प्रॉकेट वेगळ्या अवजाराने धरावे लागते. क्रँकच्या खुणेकडे पाहून भागत नाही, ही आणखी एक गोष्ट. ७२० अंशांच्या चक्रात पहिला पिस्टन वरच्या टोकाला दोनदा येतो, एकदा हवा दाबून झाल्यावर आणि एकदा धूर सोडून झाल्यावर, आणि या दोन्ही प्रसंगी क्रँक रेघभरही वेगळा दिसत नाही. यांपैकी कोणता प्रसंग आहे हे फक्त कॅम सांगू शकतो. म्हणजे एका अवयवाची स्थिती कितीही काटेकोर मोजली तरी तिच्यातून ‘केव्हा’ हे कळत नाही, त्यासाठी दुसऱ्या अवयवाची साक्ष लागते. काल संबंधात राहतो, असे म्हणणाऱ्यांना याहून चांगले उदाहरण शोधायला फार लांब जावे लागेल.

नव्या साखळीच्या काही कड्या अनेक इंजिनांत रंगवलेल्या असतात, त्या स्प्रॉकेटांवरच्या खुणांसमोर बसवायच्या असतात. साखळी बसली, टेन्शनरची, म्हणजे साखळीला ताण देणाऱ्या दट्ट्याची, अडकवलेली पिन ओढून तो मोकळा केला, लॉकिंग पिना काढल्या आणि क्रँक त्याच्या नेहमीच्या दिशेने पान्याने दोन फेरे फिरवला की स्प्रॉकेटांच्या खुणा पुन्हा जागेवर येतात, परंतु रंगीत कड्या कुठेतरी भलतीकडेच गेलेल्या दिसतात आणि नवखा माणूस घाबरतो. त्यात घाबरण्यासारखे काही नसते. समजा क्रँकच्या स्प्रॉकेटला १८ दात, कॅमच्या स्प्रॉकेटला ३६ दात आणि साखळीला १०० कड्या आहेत, तर रंगीत कड्या मूळ जागी परत येण्यास क्रँकचे ५० फेरे लागतील, आणि मधल्या सर्व काळात टायमिंग एका केसानेही चुकलेले नसेल. कड्यांचा रंग जुळणे हा बसवण्याच्या वेळेपुरता योग आहे. टिकणारी गोष्ट म्हणजे दोन चाकांमधले प्रमाण, आणि ते कोणत्याही एका कडीत नाही. मुहूर्ताला महत्त्व देणाऱ्या आणि न देणाऱ्या अशा दोन्ही परंपरांनी यातून आपापल्या सोयीचे घ्यावे.

येथपर्यंत सारा पुरावा क्रमवाद्यांच्या बाजूचा आहे. तथापि क्रम म्हणजे नुसती मांडणी असे म्हटले, की मांडणी बिघडल्यावर जे घडते त्याचा उलगडा होत नाही. डिझेल इंजिनात हवा मूळ आकारमानाच्या सतराव्या-अठराव्या हिश्शापर्यंत दाबायची असल्यामुळे पिस्टन वर आल्यावर त्याच्या माथ्यावर फारच थोडी जागा उरते, आणि खाली उतरलेली झडप व वर आलेला पिस्टन या दोघांचा हक्क त्याच जागेवर असतो. झडप आत येते तेव्हा पिस्टनने खाली असायचे आणि पिस्टन वर येतो तेव्हा झडपेने मिटलेले असायचे, अशी ही वहिवाट आहे. साखळीने दोन-तीन दात सोडले की ही वहिवाट मोडते, झडपा वाकतात आणि इंजिन उघडून हेड, म्हणजे झडपा असलेला वरचा भाग, उतरवण्याची वेळ येते. कान्टने म्हटले होते की एकाच वस्तूला परस्परविरोधी दोन गुण लागू पडू शकतात ते केवळ कालामुळे, कारण ते एकामागून एक लागू पडतात. भर्तृहरी याहून एक पाऊल पुढे जातो. काल प्रतिबंध करतो आणि अभ्यनुज्ञा देतो, म्हणजे एखाद्या शक्तीला रोखून धरतो आणि मग तिला वाट मोकळी करून देतो, असे सांगून तो बजावतो की कालाने रोखले नसते आणि रोखलेले सोडले नसते तर पदार्थांच्या अवस्था मागचापुढचा भेद गमावून एकमेकींत मिसळून गेल्या असत्या. वाकलेली झडप म्हणजे दोन अवस्थांचे असे मिसळणे होय, आणि ती हातात घेऊन पाहता येते. कॅमचा उंचवटा झडप दाबतो ही अभ्यनुज्ञा आणि तो सरकून गेल्यावर स्प्रिंग झडप मिटवते हा प्रतिबंध, एवढा मेळ बसतो. तो भर्तृहरीच्या मनात नव्हता हे उघड आहे, पण त्याच्या सिद्धांताला पेलण्यासारखा आहे. त्याने कालाला दिलेली दुसरी उपमा लहान पक्ष्यांना बांधून ठेवणाऱ्या दोऱ्याची आहे, जो दोरा जेवढा सोडला जाईल तेवढेच पक्ष्यांना उडता येते. दोरा पक्ष्याला उडवत नाही. साखळीही इंजिनाला शक्ती देत नाही, ती शक्ती डिझेलची असते. बोलीभाषेत ‘काळ आला होता, पण वेळ आली नव्हती’ असे जे म्हटले जाते त्यातही मारणारी शक्ती आणि तिला मिळणारी परवानगी या दोन गोष्टी वेगळ्याच धरलेल्या आहेत. लोकमानसात काल संहारक म्हणून रुजला आहे, गीतेच्या अकराव्या अध्यायातील विश्वरूपाचा त्यात मोठा वाटा आहे, परंतु भर्तृहरीचा काल संहाराइतकाच प्रत्येक सुरळीत क्षणीही कामावर असतो, आणि तत्त्वज्ञान म्हणून हेच मत अधिक भरीव म्हणावे लागते.

यावर एक आक्षेप उरतो आणि तो हलका नाही. भर्तृहरीचा सूत्रधार यंत्राबाहेरचा आहे, साखळी मात्र यंत्रातच आहे आणि ती झिजते. साखळी ‘ताणली’ असे गॅरेजमध्ये म्हणतात खरे, पण पोलादी कड्या लांबलेल्या नसतात. प्रत्येक सांध्यातली पिन आणि तिच्याभोवतीचा भाग एकमेकांवर घासून झिजलेला असतो, आणि डिझेलची काजळी मिसळलेले जुने ऑइल मुदतीपलीकडे वापरले तर ही झीज वाढते. ताणाच्या बाजूला पन्नास सांधे आहेत आणि प्रत्येक सांधा मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतका झिजला आहे असे धरले, तर एकूण अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडतो, आणि १०० मिलिमीटर व्यासाच्या स्प्रॉकेटवर तो कॅमच्या अर्ध्या अंशाहून थोडा अधिक, म्हणजे क्रँकच्या एका अंशाहून अधिक होतो. एकट्या सांध्याकडे पाहिले तर कोणालाही दोष दिसणार नाही. दोष बेरजेत आहे, आणि बेरजेला वस्तुत्व न देणाऱ्या व्यासभाष्याने येथे थोडे थांबून विचार करावा. भर्तृहरीला ही अडचण दिसली असावी, कारण त्याने जरा, म्हणजे जीर्णता, हीही कालाचीच एक शक्ती मानली आहे आणि ती इतर शक्तींच्या विरोधात उभी राहून त्यांना अडवते असे म्हटले आहे. क्रम राखणारी आणि क्रम पोखरणारी शक्ती एकाच मुळाची, हे मत ऐकताना कोड्यासारखे वाटते. साखळीच्या बाबतीत ते अक्षरशः खरे आहे, कारण ज्या फिरण्याने ती टायमिंग राखते त्याच फिरण्याने ती झिजते, आणि दुसऱ्या कोणत्याही मार्गाने तिला ते राखता येत नाही.

ही झीज कव्हरच्या आत दडलेली असल्याने ती अनुमानानेच कळते. सकाळी गार इंजिन सुरू करताना काही क्षण ऐकू येणारा खडखडाट हे तिचे एक लिंग आहे, पण न्यायशास्त्राच्या भाषेत ते सव्यभिचारी, म्हणजे जे सिद्ध करायचे ते नसतानाही आढळू शकणारे, लिंग आहे, कारण ताण देणारा टेन्शनर एकटा बिघडला तरी तसाच आवाज येतो. अधिक भरवशाचे लिंग म्हणजे इंजिनाचा संगणक नोंदवतो तो पी००१६ हा दोष-संकेत. क्रँकचा सेन्सर आणि कॅमचा सेन्सर यांच्या साक्षी जुळत नाहीत एवढेच तो सांगतो. त्यांपैकी कोण खरा आणि कोण चुकला हे तो सांगत नाही, आणि एखाद्या सेन्सरचा किंवा तारेचा दोष असला तरी तोच संकेत येऊ शकतो, म्हणून केवळ त्याच्या आधारावर इंजिन उघडणे घाईचे ठरते.

गार इंजिनाचा तो खडखडाट आणखी एका प्रश्नाकडे नेतो. मल्टिजेटसारख्या इंजिनात टेन्शनरला साखळीवर रेटणारी शक्ती ऑइलच्या दाबाची असते, ऑइलचा दाब पंपाने निर्माण होतो, पंप क्रँकच्या जोरावर चालतो, क्रँक इंजिन चालू असेल तरच फिरतो, आणि इंजिन चालू राहते ते साखळी ताठ असेल तर. न्यायशास्त्र याला चक्रक म्हणते, तीन किंवा अधिक गोष्टींनी सिद्धीसाठी वर्तुळात एकमेकींवरच विसंबणे, आणि युक्तिवादात तो उघड दोष मानला जातो. यंत्रात तो दोष ठरत नाही, कारण चालू इंजिनात हे वर्तुळ आधीच पूर्ण झालेले असते. फक्त सुरुवातीच्या क्षणी, दाब चढण्यापूर्वी, ते तुटलेले असते आणि साखळी गाइडवर, म्हणजे तिला वाटेत धरून ठेवणाऱ्या पट्टीवर, आपटते. वर्तुळाला पहिला धक्का बाहेरून, स्टार्टर मोटरकडून, मिळतो. सृष्टीच्या आरंभी परमाणूंना पहिली गती कोठून मिळाली या प्रश्नाला वैशेषिक परंपरेने अदृष्ट, म्हणजे जीवांचे साठलेले धर्माधर्म, असे उत्तर दिले, आणि त्याच परंपरेतील भाष्यकार प्रशस्तपादाने त्याला महेश्वराच्या इच्छेची जोड दिली. काल हे सर्व कार्यांचे निमित्तकारण आहे असे मानूनही त्याला एकट्याला पहिली गती देता येत नाही, ही कबुली त्या उत्तरात आहे, आणि साखळीकडे पाहता ती प्रामाणिक म्हटली पाहिजे.

घरी काम करणाऱ्याचा या सगळ्यातील वाटा कोणता, हे ठरवणे सोपे नाही. भर्तृहरीचा सूत्रधार होण्याचा त्याचा दावा टिकणारा नाही, कारण किती अंशांवर झडप उघडावी हे रेखाटन करणाऱ्या अभियंत्यांनी ठरवून ठेवलेले असते, आणि त्यात स्वतःची अक्कल घालणाऱ्याला इंजिन क्षमा करत नाही. तो वैशेषिकांच्या पहिल्या धक्क्याचा कर्ताही नाही, कारण किल्ली फिरवणे कोणालाही जमते. त्याच्या वाट्याला येते ते मधले काम, ठरलेला क्रम थांबलेल्या यंत्रात पुन्हा बसवण्याचे, आणि क्रमाला घटनांचा प्रवाह समजणाऱ्या मतांनी नेमक्या या कामासाठी जागा ठेवलेली नाही. दोन फेरे हाताने फिरवण्याचा नियम त्याच्यासाठीच आहे. त्या फेऱ्यांत पान्याला अचानक अडथळा जाणवला तर जोर न लावता थांबायचे असते, कारण हाताच्या गतीने टेकलेली झडप अजून वाचवता येते आणि स्टार्टरच्या गतीने आदळलेली वाचवता येत नाही. वैशेषिकांचे उशिरा आणि लवकर येथे परत येतात. क्रम तोच, अंश तेच, चूकही तीच, आणि तरीही मंद गतीतील चूक दुरुस्त होते व वेगातील होत नाही. जो पक्ष कालाला केवळ क्रम मानतो त्याने या फरकाचा हिशेब अजून दिलेला नाही.